हापूसची साक्ष कोण देणार?

एप्रिल उजाडला की मुंबई-पुण्याच्या नाक्यानाक्यावर ‘रत्नागिरी हापूस’चे फलक लागतात. त्याखाली रचलेला आंबा कर्नाटकातलाही असू शकतो, हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला संशय असतो. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड, ठाणे, पालघर जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव कायद्याने राखले गेले, पण आंबा काही आपले गाव सांगत नाही. ते आजवर बागायतदाराची ओळख, वाशीच्या दलालाचा शब्द आणि खाणाऱ्याचे नाक यांवर ठरत आले. आता ही साक्ष हळूहळू यंत्राकडे चालली आहे. कोकणात डिजिटल तंत्रज्ञानाने सुरू केलेला सर्वांत मोठा बदल, माझ्या मते, हाच.

रत्नागिरीच्या शेजारच्या देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामात प्रत्येक फळावर लावायचे विशिष्ट क्रमांकाचे लेबल आणले. गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर क्रमांक पाठवून खात्री करायची. साधा क्यूआर कोड काय, झेरॉक्स काढून शंभर पेट्यांवर चिकटवता येतो. म्हणून हे अधिक खटाटोपाचे लेबल. पण लेबल अस्सल निघाले तरी त्यामागचे फळ त्याच बागेतले असेल कशावरून? बागेत कलमे किती, यंदा मोहोर किती टिकला आणि त्या हिशेबाने लेबले किती द्यायची, हे कुणीतरी बागेत जाऊनच पाहावे लागते. शिवाय बाग कराराने दिलेली असेल तर नोंदणी कुणाच्या नावावर, मालकाच्या की करारदाराच्या? बाजारात ज्याचे नाव उमटेल, पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक त्याचे.

विम्याची गोष्ट याहून अवघड. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत अवेळी पाऊस, तापमानातले चढउतार, वेगाचा वारा यांसाठी भरपाई ठरवताना कुणी बागेत येऊन पंचनामा करत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने काय नोंदवले, ते पाहिले जाते. यात फायदा उघड आहे: कुणाच्या ओळखीची, चहापाण्याची गरज नाही आणि आकडा सर्वांना सारखा. मात्र कोकणची जमीन सारखी नाही. सड्यावरच्या कातळात लावलेले कलम आणि खाडीकाठचे कलम यांच्यात चारपाच किलोमीटरांचेच अंतर असते, पण ऊन, वारा, दव सगळेच वेगळे. मोहोर गळून गेलेल्या बागेचा मालक केंद्राच्या आकड्याशी भांडू लागला की त्याच्या हाती पुरावा काय? मोबाइलमधले चार फोटो. ते योजनेच्या हिशेबात बसत नाहीत.

समुद्रावरही साक्ष अशीच यंत्राकडे चालली आहे. जानेवारी २०२५पासून राज्याच्या किनाऱ्यावर बेकायदा मासेमारी टिपायला ड्रोन फिरू लागले. एलईडी दिव्यांच्या नौकांनी हैराण झालेल्या पारंपरिक मच्छीमाराला हा साक्षीदार हवाच होता.

शेतात मात्र साक्षीदार स्वतः शेतकऱ्यालाच व्हावे लागते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत त्याने जागेवर उभे राहून पिकाचा फोटो ॲपमध्ये टाकायचा. आमच्याकडे सातबाऱ्यावर भाऊबंदांची डझनभर नावे, त्यातले निम्मे चाकरमानी आणि बाग असते नेमकी दरीत, जिथे रेंज नाही. मग गावात राहिलेला एखादा कॉलेजचा मुलगा आळीतल्या सगळ्यांची नोंद करून देतो. तलाठ्याचे काही काम असे त्याच्या गळ्यात पडले. मानधनाचे मात्र कुणी बोलत नाही.

केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ योजनेत ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवण्याची तरतूद आहे. जाळे दाट झाले तर विम्याचा वाद बराच कमी होईल, निदान पावसापुरता. थंडीचा आणि उन्हाचा वाद तेवढ्याने मिटणार नाही. रत्नागिरीत एकाच ग्रामपंचायतीची एक वाडी सड्यावर आणि दुसरी खाडीला लागून असते. तेव्हा पर्जन्यमापक कुठल्या वाडीत बसवायचा, यावर ग्रामसभेत आत्ताच बोलून घेतलेले बरे.