पिस्कॅटवे हायस्कूलच्या दोन बाई

चिठ्ठ्या टाकायच्या की नाहीत, हा प्रश्न मे १९८९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या स्कूल बोर्डापुढे आला. हायस्कूलच्या बिझनेस विभागातला एक शिक्षक कमी करायचा होता. आपल्याकडे पटसंख्या घटली की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतात, तसाच हा प्रकार. न्यू जर्सीच्या कायद्यात कायम शिक्षकांना कमी करताना सेवाज्येष्ठता पाहावीच लागते. जो शेवटी आला तो आधी जातो. पण यादीच्या तळाशी दोन बाई होत्या, शॅरन टॅक्समन आणि डेब्रा विल्यम्स, आणि दोघी सप्टेंबर १९८० मध्ये एकाच दिवशी रुजू झाल्या होत्या.

असे पेच बोर्डाला नवीन नव्हते. पूर्वी ते डब्यातून आकडे काढून किंवा चिठ्ठ्या टाकून सोडवले गेले होते. मात्र तेव्हा समोरासमोर आलेल्या शिक्षकांमध्ये वंशाचा फरक नव्हता. या वेळी टॅक्समन गोऱ्या होत्या आणि विल्यम्स काळ्या. शिवाय त्या विभागात विल्यम्स एकट्याच काळ्या होत्या. चिठ्ठी न टाकता अफर्मेटिव्ह ॲक्शनच्या, म्हणजे मागे ठेवलेल्या गटांना संधी देण्याच्या, धोरणाचा आधार घ्यावा, असं सुपरिटेंडेंटनी सुचवलं. बोर्डाने दोघींची योग्यता सारखीच धरली, विल्यम्सना ठेवलं आणि टॅक्समनना कमी केलं.

दारं बंद करून झालेली चर्चा एरवी तिथेच विरून जाते. इथे खटला उभा राहिला, म्हणून ती आपल्याला वाचायला मिळते. बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर क्रूस यांनी साक्षीत जे सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटतं. मुलांचा वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या माणसांशी शाळेतच संबंध यावा, म्हणजे ती इतरांना अधिक सहजपणे स्वीकारतील, असं त्यांच्या म्हणण्याचं सार होतं. सामाजिक न्यायावर कुठला धडा नेमावा याची ही चर्चा नव्हती. फळ्यासमोर कोण उभं आहे हाच मुलांचा एक धडा असतो, असं बोर्ड म्हणत होतं.

हे मराठी माणसाला कळायला अमेरिकेत येऊन राहावं लागत नाही. १८८२ साली शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमकं याच जागेवर बोट ठेवलं होतं. सरकारी प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत. ते शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, कारण असा शिक्षक त्या मुलांत मिसळेल, त्यांच्या गरजा त्याला कळतील, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी नऊ वर्षं याच फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला होता. फुल्यांच्या आणि बोर्डाच्या म्हणण्यात एक फरक मात्र आहे, आणि या खटल्याचं सगळं दुखणं त्यात आहे. फुले बोलत होते ते ज्याला शाळेतून बाहेर ठेवलं होतं त्याच्या मुलासाठी. पिस्कॅटवेचं बोर्ड बोलत होतं ते सगळ्यांच्या मुलांच्या भल्यासाठी. विल्यम्सबाईंचा स्वतःचा हक्क त्या युक्तिवादात कुठेच नव्हता.

असं का झालं, ते कायद्याकडे पाहिलं की उमगतं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण नोकरीत वंशभेद करायला मनाई करतं. त्यातून अफर्मेटिव्ह ॲक्शनला वाट मिळाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९७९ च्या वेबर निकालाने, आणि तीही जुन्या भेदभावाची भरपाई म्हणून. पिस्कॅटवेत काळ्या शिक्षकांचं प्रमाण कमी आहे, असं बोर्डाला म्हणताच येत नव्हतं. तसं ते नाही, हे त्याने मान्यच केलं होतं. भरपाईचा मार्ग बंद होता, म्हणून विविधतेचा धरला. आपल्या राज्यघटनेत कलम १६(४) पुरेशा प्रतिनिधित्वाचा मुद्दा उघडपणे मांडतं, म्हणून बिंदुनामावलीवर कितीही भांडणं झाली तरी जागा कुणाच्या वाट्याची हे तरी स्पष्ट असतं. पिस्कॅटवेत तेच धूसर राहिलं.

टॅक्समनबाईंनी तक्रार केली. जानेवारी १९९२ मध्ये थोरल्या बुश यांच्या सरकारने त्यांच्या बाजूने बोर्डावर खटला भरला. त्याच वर्षी टॅक्समन शाळेत परतल्या, पण खटला सुरूच राहिला. १९९३ मध्ये जिल्हा न्यायालयात न्यायाधीश मेरीॲन ट्रम्प बॅरी यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे भरपाई एक लाख ४४ हजार डॉलर्सवर गेली. मग सरकार बदललं आणि क्लिंटन यांच्या न्यायखात्याने १९९४ मध्ये बाजू बदलून बोर्डाला पाठिंबा द्यायचं ठरवलं. ज्या सरकारने खटला भरला तेच आता प्रतिवादीच्या बाकावर बसायला निघालं! ऑगस्ट १९९६ मध्ये अपील न्यायालयाने आठ विरुद्ध चार मतांनी बोर्डाला दोषी धरलं. ज्यांनी वेगळं मत दिलं त्यांत मुख्य न्यायाधीश डोलोरेस स्लोव्हिटर होत्या. शिक्षणाचा विचार करून घेतलेला निर्णय बेकायदा आणि नाणेफेक मात्र कायदेशीर, हे त्यांना पटत नव्हतं. मलाही पटत नाही. १९९७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं तेव्हा सरकारने तिसऱ्यांदा पवित्रा बदलला: बोर्ड इथे चुकलं, पण निकाल अगदी मर्यादित द्या.

या सगळ्यात डेब्रा विल्यम्स कुठे होत्या? वर्गात, शिकवत होत्या. खटल्यात त्या पक्षकार नव्हत्या. बोर्डाने दोघींची योग्यता समान मानली होती, त्यामुळे विल्यम्स यांच्याकडे मास्टर्सची पदवी आहे आणि टॅक्समन यांच्याकडे नाही, हा मुद्दा मागेच पडला. आपण अधिक शिकलेल्या आहोत, असं त्यांना वाटत असे आणि ते वाटणं रास्त होतं. पण वर्तमानपत्रांत, न्यायालयात, चर्चेत देशभर त्यांची ओळख झाली ती रंगामुळे नोकरी वाचलेली बाई अशी. बोर्डाने मुलांना माणसाचा आदर शिकवायचा म्हणून त्यांना ठेवलं, आणि तसं करताना त्यांचा नऊ वर्षांचा अनुभव, त्यांची पदवी, त्यांचं काम यांबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांना ठेवण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. त्याचं समर्थन मात्र अपुरं होतं, आणि त्याचा भार एका शिक्षिकेने उचलला. टॅक्समनबाईंवरही अन्याय झाला होता, हे मी नाकारत नाही. नऊ वर्षं कायम नोकरी केलेल्या माणसाला कातडीच्या रंगावरून घरी बसवणं ही हलकी गोष्ट नाही. पुढे दोघी एकाच शाळेत, एकाच विभागात शिकवत राहिल्या. त्यांच्यात बोलणं जवळजवळ उरलं नव्हतं, असं तेव्हाच्या बातम्या सांगतात.

आज पिस्कॅटवेत आणि शेजारच्या एडिसनमध्ये भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यांत मराठी घरंही आहेत. जानेवारी २०२२ मध्ये न्यू जर्सीने आशियाई अमेरिकनांचा इतिहास अभ्यासक्रमात घेण्याचा कायदा केला. काळ्या अमेरिकनांच्या इतिहासासाठीचा अमिस्टॅड कायदा त्याआधी २००२ चा. आपल्या मुलांच्या पुस्तकात आपण आलो, याचा आनंद खराच आहे. मुलांना शिकवणारे बाई-सर कोण आहेत, हा १९८९ चा प्रश्न आपणही बोर्डाला विचारायला हवा, कारण तो केवळ काळ्या पालकांचा नाही.

शेवटचा किस्सा पैशांचा. जानेवारी १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी ठरली होती. निकाल विरोधात गेला तर देशभरातली अफर्मेटिव्ह ॲक्शनची धोरणं कोसळतील, ही नागरी हक्क चळवळीची धास्ती होती. कॅलिफोर्नियातल्या मतदारांनी १९९६ मध्येच तिथली सरकारी धोरणं बंद पाडली होती. नोव्हेंबर १९९७ मध्ये अचानक तडजोड जाहीर झाली: चार लाख ३३ हजार ५०० डॉलर्स, आणि त्यातले जवळजवळ सत्तर टक्के भरले नागरी हक्क संघटनांच्या ब्लॅक लीडरशिप फोरमने. बोर्डाची देणी चळवळीने चुकवली आणि खटला न्यायालयासमोरून काढून घेतला. याला कुणी पळपुटेपणा म्हटलं. मला ती शहाणी चाल वाटते. मिशिगन विद्यापीठाच्या प्रवेशांत विविधतेचा विचार करता येईल, असा निकाल त्याच न्यायालयाने २००३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला, आणि तो दरवाजा २०२३ पर्यंत उघडा राहिला. एवढ्या वर्षांत जी मुलं त्यातून आत गेली, त्यांच्यासाठी ती रक्कम भरणं योग्यच होतं. फक्त विल्यम्सबाईंची बाजू त्यामुळे कायमची न मांडलेली राहिली, आणि ती कुणी मांडायला हवी होती.