वाटमारीपासून सावध राहा



पूर्वी बाजार करून रात्री परतणारे गाडीवान एकटे निघत नसत. चार गाड्या जमल्या म्हणजे निघत. वाटमारीचे भय होते ना! आता बैलगाडीच्या जागी बहुधा जीप, टेंपो किंवा ट्रक असतो. भय मात्र पुरते गेलेले नाही. वाट अडवायची, हत्याराचा धाक दाखवायचा आणि गाडीच पळवायची, ही आजची वाटमारी.

आपल्या बीड जिल्ह्यातून धुळे-सोलापूर महामार्ग जातो. गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा ही गावे त्याच रस्त्यावर आहेत. रात्रंदिवस वाहने धावतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांच्या गाड्याही निघतात. पुष्कळांची गाडी कर्जाची असते. गाडी गेली तरी हप्ते थांबत नाहीत. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक चालकाने वाचाव्यात. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवाव्यात.

लुटारूंना आधी गाडी थांबलेली हवी असते. त्यासाठी ते युक्त्या करतात. कोणी रस्त्यावर दगड मांडतो. कोणी "चाक पंक्चर झालंय" म्हणून हात करतो. कोणी मागून मुद्दाम धक्का देतो. कोणी गिऱ्हाईक होऊन गाडी भाड्याने ठरवतो, वाटेत चहा किंवा पेढा देतो. त्यात गुंगीचे औषध असते.

मग काय करावे? रात्री दारे आतून लावून घ्यावीत. काच पुरती खाली करू नये. अनोळखी माणसाला वाटेत गाडीत घेऊ नये, त्याने दिलेले खाऊ-पिऊ नये. झोप आली तर आडरानात गाडी लावू नका. पेट्रोल पंपावर किंवा उजेडाच्या, वर्दळीच्या ढाब्यावर थांबा. लघवीला उतरलात तरी किल्ली गाडीला ठेवू नका. मोठी रोकड जवळ बाळगू नका. मुकादमांनी उचलीचे पैसे बँकेतून द्यावेत-घ्यावेत, हे उत्तम.

रस्त्यावर कोणी जखमी पडलेला दिसला तर? माणुसकी सोडू नये. पण जागा निर्जन असेल तर पुढे उजेडात जाऊन थांबावे. तेथून १०८ नंबरावर रुग्णवाहिका आणि ११२ नंबरावर पोलीस बोलवावेत. हे दोन्ही फोन फुकट आहेत.

ठिकाण कसे सांगाल? येथे तुमची अक्षरे कामी येतील. रस्त्याकडेच्या दगडावर गावाचे नाव आणि किलोमीटर लिहिलेले असतात. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचे डोके पिवळे असते, राज्य महामार्गाच्या दगडाचे हिरवे. जाता जाता ते वाचत राहा.

एवढे करूनही लुटारूंनी गाठलेच, तर झुंज देऊ नका. हात त्यांना दिसतील असे ठेवा. पट्टा सोडायचा तर आधी तसे सांगा, मग हात हलवा. किल्ली मुकाट्याने द्या. गाडीत लेकरू असेल तर ते मोठ्याने सांगा आणि त्याला आधी उतरवून घ्या. लुटारूंचा पाठलाग करू नका. गाडी पुन्हा घेता येते, घरचा कर्ता माणूस पुन्हा मिळत नाही. शिर सलामत तो पगडी पचास!

सुटका होताच ११२ ला कळवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा. "ही आमची हद्द नाही" म्हणून पोलिसांना फिर्याद नाकारता येत नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महामार्गावर जबरी चोरी केली, तर तिच्याप्रमाणे चौदा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

आता विम्याचे. कायद्याने सक्तीचा आहे तो 'थर्ड पार्टी' विमा. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले, तर तो भरपाई देतो. आपली गाडी चोरीला गेली तर त्यातून पैसाही मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीचाही विमा लागतो. पुष्कळांना हे गाडी गेल्यावर कळते.

तेव्हा आज संध्याकाळी विम्याचा कागद काढा. त्यावर काय लिहिले आहे ते स्वतः वाचा. गाडीचा, इंजिनाचा आणि चासीचा नंबर एका वहीत उतरवा. ती वही गाडीत ठेवू नका, घरी ठेवा.