डिस्क कोरी नसते
घरातली यंत्रं : लेखांक १४

व्हीएचएस कॅसेटच्या बुरशीवरचा मागचा लेख वाचून नाशिक रोडच्या एका आजोबांनी कळवलं, की त्यांची कॅसेट पुसून-वाळवून झाली, चित्रही बरं दिसतं. २००३च्या सिंहस्थात रामकुंडावर घरच्या कॅमेऱ्याने घेतलेलं चित्रण आहे ते. आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय, तर नातवंडांना ते दाखवावं म्हणून त्यांनी माळ्यावरचा डीव्हीडी रेकॉर्डर काढला, डिस्कचा नवा डबा आणला, आणि रेकॉर्डर एकही डिस्क घ्यायला तयार नाही. ‘माल डुप्लिकेट लागला का?’ असा त्यांचा प्रश्न.

बहुधा नाही. हे मी अनुभवाने सांगतो. आमच्याकडचा रेकॉर्डर मेहुण्यांनी २००४ साली दुबईहून आणलेला. त्या वेळी मिळणाऱ्या ‘४ एक्स’च्या डिस्क तो मुकाट घ्यायचा. पाच वर्षांनी मी महात्मा गांधी रोडवरून ‘१६ एक्स’चा पन्नासचा डबा आणला. पहिली डिस्क आत गेली, दोन मिनिटं घरघर झाली आणि पडद्यावर ‘डिस्क एरर’. दुसरी, तिसरी, तीच गत. तावातावाने डबा परत घेऊन गेलो. दुकानदाराने त्यातलीच एक डिस्क त्याच्या संगणकात घातली आणि चहा येईपर्यंत भरून दाखवली. ‘साहेब, माल चोख आहे,’ तो म्हणाला. माझा रेकॉर्डरही चोखच होता, जुन्या डिस्कवर त्याच रात्री त्याने दोन तासांचं रेकॉर्डिंग केलं. दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं, एवढंच.

हे असं का होतं, ते समजायला एक गैरसमज आधी दूर करायला हवा. आपण जिला कोरी डिस्क म्हणतो, ती कोरी नसते. कारखान्यातून निघतानाच तिच्यात एक अखंड खाच कोरलेली असते, मधून सुरू होऊन गोल गोल बाहेर जाणारी. दोन वेढ्यांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन. ही खाच उलगडून सरळ ठेवली तर सुमारे पावणेबारा किलोमीटर भरेल. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून नाशिक रोड स्टेशन गाठून वर थोडी उरेलच. खाच सरळही नसते, बारीक नागमोडी असते. त्या नागमोडीवरून डिस्क किती वेगाने फिरतेय हे यंत्राला कळतं. आणि सगळ्यात आतल्या भागात डिस्कची ओळख लिहिलेली असते: बनवणारा कोण, प्रकार कोणता, किती वेगापर्यंत लिहिता येईल.

आता तो ‘एक्स’. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला साधारण साडेतीन मीटर खाच लेझरखालून सरकणं. ताशी साडेबारा किलोमीटर, म्हणजे सायकलचा वेग. या वेगाने आपली पावणेबारा किलोमीटरची खाच संपायला ५६ मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ४.७ जीबीची डिस्क भरते. १६ एक्स म्हणजे ताशी २०० किलोमीटर. डिस्कच्या बाहेरच्या कडेला गेल्यावरच हा वेग गाठला जातो, तरी सहा-सात मिनिटांत काम उरकतं. घरच्या रेकॉर्डरला या घाईचा काही उपयोग नसतो. समोर कॅसेट दोन तास चालणार, तर तोही दोन तास बसणार. त्याला सायकलच बरी.

मग २००ने धावू शकणारी डिस्क सायकलच्या वेगाने चालायला काय हरकत आहे? तर ते लिहिणं नसतं, भाजणं असतं. डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो. लेझर त्याला क्षणभर तापवतो आणि तिथे कायमचा डाग पडतो. सर्वांत लहान डाग ०.४ मायक्रॉनचा. चुलीच्या निखाऱ्यावर पापड भाजताना पाहा. उडदाचा पातळ पापड झरझर फिरवावा लागतो, जरा रेंगाळलात की कडा करपल्या. जाडसर नाचणीचा पापड त्याच हाताने फिरवलात तर कच्चा राहील. १६ एक्सच्या डिस्कमधला रंग हा पातळ पापड आहे: डोळ्याचं पातं लवायच्या आत भाजला जावा म्हणून तयार केलेला. त्यावर सायकलच्या वेगाने लेझर फिरवायचा तर आच किती ठेवायची, किती वेळ उघडझाप करायची, हे सगळं नव्याने ठरवावं लागतं. नाहीतर उष्णता आजूबाजूला पसरते, डागांच्या कडा विस्कटतात आणि वाचताना चित्र अडखळतं.

ही आचेची कोष्टकं रेकॉर्डरच्या स्मृतीत, म्हणजे फर्मवेअरमध्ये, भरलेली असतात. डिस्क आत गेली की रेकॉर्डर तिची ओळख वाचतो, यादीत नाव शोधतो, त्यापुढचं कोष्टक काढतो आणि डिस्कच्या आतल्या कडेला राखून ठेवलेल्या जागेत दोन-चार डाग पाडून चाचणी घेतो. माझ्या रेकॉर्डरची यादी २००४ साली बंद झाली होती. त्यानंतर जन्मलेली कुठलीही डिस्क त्याच्यासाठी अनोळखी. अशा वेळी काही यंत्रं अंदाजाने सर्वसाधारण कोष्टक लावतात, काही सरळ नकार देतात. माझ्या मते नकार देणारं यंत्र परवडलं. अंदाजाने लिहिलेली डिस्क आज चालते आणि तीन वर्षांनी दगा देते.

हा प्रश्न फक्त आपल्या माळ्यावरच्या यंत्रांचा नव्हता. २००२च्या अखेरीस पायोनियर कंपनीने जगभर इशारा दिला होता, की ४ एक्सच्या नव्या डीव्हीडी-आर आणि २ एक्सच्या डीव्हीडी-आरडब्ल्यू डिस्क आपल्या जुन्या ड्राइव्हमध्ये घातल्या तर ड्राइव्हच बिघडू शकतो. तेच ड्राइव्ह अॅपलच्या संगणकांत बसवलेले होते, म्हणून अॅपललाही दुरुस्तीचं फर्मवेअर द्यावं लागलं. संगणकवाल्यांनी ते इंटरनेटवरून उतरवून घेतलं, विषय संपला. टीव्हीखाली बसलेल्या डब्याला ना इंटरनेट ना कळफलक.

इथे डीव्हीडी-आर आणि पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्क यांत फरक करायला हवा. एकदाच लिहायच्या डिस्कच्या बाबतीत नशिबावर हवाला असतो, एखादा ब्रँड चालून जातो. पुन्हा लिहायच्या डिस्कमध्ये मात्र जुन्या-नव्याची फारकत ठरवूनच झालेली आहे. ८ एक्सची डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू जुन्या ४ एक्सच्या यंत्रात लिहिली जात नाही. डीव्हीडी-रॅमचं तेच: ५ एक्सपर्यंत एक घराणं, ६ ते १६ एक्सचं दुसरं, आणि पहिल्या घराण्याची यंत्रं दुसऱ्यावर लिहू शकत नाहीत. तेव्हा दुकानात ‘जास्त एक्सची द्या, चांगली असेल’ असं म्हणू नका. या बाबतीत कमी तेवढं चांगलं.

ब्रँडच्या नावावरही फार विसंबू नये. वेष्टनावरचं नाव विकणाऱ्याचं, आतली ओळख बनवणाऱ्याची. आपल्याकडे घराघरांत पोचलेल्या मोझर बेअरच्या डीव्हीडी-आर डिस्कमध्ये ‘एमबीआय’ने सुरू होणारी खूण असे. मित्सुबिशी केमिकलची ‘एमसीसी’, तैयो युदेनची ‘टीवायजी’. रेकॉर्डर ओळखतो ती ही अक्षरं, खोक्यावरचं चित्र नव्हे. आणि यातली घराणी आता पांगली आहेत. तैयो युदेनने २०१५च्या अखेरीस डिस्क बनवणं थांबवलं, मोझर बेअर २०१८ साली दिवाळखोरीत निघाली, आणि मित्सुबिशीने आपला व्हर्बाटिमचा धंदा २०१९ साली तैवानच्या सीएमसीला विकला. जुन्या यादीतल्या डिस्क आता दुकानात शोधून मिळायच्या नाहीत.

मग आजोबांनी काय करावं? घरात एखादी जुनी डीव्हीडी-आरडब्ल्यू पडली आहे का पाहावं, १ किंवा २ एक्सची, रेकॉर्डरच्याच वयाची. अशी एक डिस्क पुरते. तिच्यावर ‘व्हिडिओ मोड’मध्ये कॅसेट उतरवायची, संगणकात घालून तिची नक्कल करून घ्यायची, मग डिस्क पुसून पुढची कॅसेट. चांगली आरडब्ल्यू हजार वेळा लिहिता येते असं कंपन्या सांगतात. निम्म्यावर निम्मं धरलं तरी अख्ख्या सोसायटीच्या लग्नांच्या कॅसेटी उरकतील. नव्या डिस्कचा डबा संगणकासाठी ठेवा, तिथे तो नीट चालेल. रेकॉर्डरच्या ट्यूनरकडून काही अपेक्षा ठेवू नका. २०१३ साली नाशिकचं केबल डिजिटल होऊन सेट-टॉप बॉक्स आले, तेव्हापासून तो भाग निकामीच आहे. व्हीसीआर जोडायचा तो पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांनी, मागच्या एव्ही खोबणीत.

आणि हे सगळं रेकॉर्डिंग यूपीएसवर करा. भारनियमनाच्या वर्षांत माझ्या तीन डिस्क अशा गेल्या, की रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली आणि डिस्कची अनुक्रमणिका लिहायची राहिली. चित्र डिस्कवर आहे, पण कुठून सुरू होतं हे कुणालाच माहीत नाही.

त्यावरून शेवटची गोष्ट. ‘फायनलाइज’ न केलेली, म्हणजे अनुक्रमणिका लिहून बंद न केलेली डिस्क बहुतेक प्लेयर वाचत नाहीत, आणि ते करण्याची खात्रीची जागा म्हणजे ती ज्या रेकॉर्डरवर लिहिली तोच रेकॉर्डर. ती आज्ञा असते रिमोटमधून उघडणाऱ्या मेनूत, यंत्राच्या तोंडावर बहुधा बटण नसतं. तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत रेकॉर्डर भंगारवाल्याला देणार असाल, तर आधी घरातल्या सगळ्या डिस्क एकेक करून त्यात घाला आणि फायनलाइज करून घ्या. रिमोट सापडत नसेल तर तो सापडेपर्यंत भंगारवाल्याला थांबवा.