ओल्ड डीअर येथील स्थलनामें व भूमि

स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायर प्रांतांतील ओल्ड डीअर या पॅरिशचा, म्हणजे एका चर्चकडे असलेल्या ग्रामसमूहाचा, जुना भूमिव्यवहार समजण्यास मुख्य साधन एक लॅटिन धर्मपोथी होय. 'डीअरचें पुस्तक' या नांवाची ही पोथी १७१५ सालीं राजा पहिला जॉर्ज याच्या देणगींतून केंब्रिज विद्यापीठास मिळाली. तिच्या कोऱ्या जागांत बाराव्या शतकांत तेथील मठास मिळालेलीं भूमिदानें गेलिक भाषेंत टिपलेलीं आहेत.

त्यांतील 'अखद' म्हणजे शेत. अखद माद्कोर तें आजचें ऑखमाखर. 'दाबख' म्हणजे मुळांत मोठें पीप, पण येथें तें जमिनीचें माप आहे. खंडीनें जमीन सांगणाऱ्या आपल्या जुन्या लोकांस यांत नवल वाटलें नसतें.

'पेट' या शब्दाचें मात्र महत्त्व अधिक. हा मूळचा पिक्ट लोकांचा शब्द, अर्थ जमिनीचा वांटा. पोथींतील 'पेट इन मुलेन' म्हणजे गिरणीचा वांटा. येथें गिरणीवाचक शब्द गेलिक आहे. पिक्ट भाषा लुप्त झाल्यावरही गेलिक बोलणारे हा शब्द वापरीत होते, हें यावरून उघड होतें. सबब 'पिट' या अक्षरांनीं आरंभ होणारें प्रत्येक गांव पिक्टांनींच वसविलें, असें केवळ नांवावरून ठरविणें आम्हांस मान्य नाहीं.