वाहन परवाना : औपचारिकता नव्हे, पात्रतेची कसोटी

वाहनकर्जाचा अर्ज हाती येताच बँक अर्जदाराचे उत्पन्न पाहते, परतफेडीची क्षमता अजमावते आणि कागदपत्रांची छाननी करते. मात्र ते वाहन चालविणाऱ्याची पात्रता पारखण्याचे काम परिवहन कार्यालयाचे असते. ही पारख म्हणजेच परवान्याची परीक्षा. अनेकांना ती केवळ एक औपचारिकता वाटते. प्रत्यक्षात तिच्या प्रत्येक टप्प्यामागे निश्चित हेतू आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी धोक्यात येऊ शकते.

नोकरीनिमित्त बंगळुरूत आलेली मराठी कुटुंबे प्रथम एकच प्रश्न विचारतात : महाराष्ट्रातील परवाना येथे चालतो का? अवश्य चालतो. मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये मिळालेला परवाना देशभर ग्राह्य असतो. वाहनाचे मात्र तसे नाही. दुसऱ्या राज्यात ते १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि वाहनावर कर्ज असल्यास त्यासाठी बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते.

पहिला टप्पा : शिकाऊ परवाना

नव्याने परवाना घेणाऱ्याने केंद्र शासनाच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर अर्ज करावयाचा असतो. वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. पालकांच्या संमतीने १६ व्या वर्षी परवाना मिळतो खरा, पण तो केवळ ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी. आजच्या प्रचलित पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या असल्याने ही सवलत त्यांना लागू होत नाही, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

अर्जासोबत प्रकृतीविषयीचे घोषणापत्र द्यावे लागते. भरदिवसा २५ मीटर अंतरावरील मोटारीची क्रमांकपट्टी वाचता येते का, हा त्यातील महत्त्वाचा प्रश्न. चष्मा असल्यास तो लावून वाचण्यास हरकत नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना वैद्यकीय प्रमाणपत्रही जोडावे लागते.

त्यानंतर वाहतूक चिन्हे, नियम व चालकाची कर्तव्ये यांवर चाचणी होते. केंद्रीय नियमांनुसार तीत किमान ६० टक्के गुण आवश्यक आहेत. त्रिकोणातील चिन्ह सावध करते, वर्तुळातील आज्ञा देते, तर आयतातील माहिती देते. या चिन्हांना भाषेची अडचण नाही. कन्नड न जाणणाऱ्या नवागतालाही ती तितकीच स्पष्ट कळतात.

शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो. या काळात वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ अक्षर हवे. शेजारी परवानाधारक प्रशिक्षक असावा आणि गरज पडताच वाहन थांबविता येईल अशा जागी तो बसलेला असावा.

दुसरा टप्पा : पक्का परवाना

शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवस उलटले की पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. वाहन सुरू करण्यापूर्वी आरसा पाहणे, योग्य वेळी गिअर बदलणे, चढावर वाहन मागे न घसरता पुढे नेणे, वळताना इशारा देणे, मागे घेणे आणि मर्यादित जागेत उभे करणे या गोष्टी पाहिल्या जातात. बंगळुरूत ज्ञानभारती परिवहन कार्यालयाचा स्वयंचलित चाचणीपथ आहे. तेथे संवेदक यंत्रे व कॅमेरे वाहनाच्या हालचाली टिपतात.

अनुत्तीर्ण झाल्यास खचून जाण्याचे कारण नाही. सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा अपयश आल्यास मात्र ६० दिवस थांबावे लागते. हा काळ सरावासाठीच असतो.

किल्ली कोणाच्या हाती?

विनापरवाना वाहन चालविल्यास कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक वा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. वाहन आपल्या नकळत वा संमतीविना नेले गेले, अथवा ते रोखण्यासाठी योग्य ती काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावरच येते.

आर्थिक फटका याहून मोठा असू शकतो. वैध परवान्याविना अपघात घडल्यास विमा कंपनी आपले दायित्व नाकारू शकते. मालकाने जाणूनबुजून वा निष्काळजीपणे वाहन दिल्याचे तिने सिद्ध केले, तर पीडितास भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या निकालाने खुला ठेवला आहे. अशा वेळी कर्जाचे हप्ते सुरूच राहतात आणि वर भरपाईचा बोजा पडतो.

मुदतीची नोंद ठेवा

परवाना कायमचा नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आतील व्यक्तीस तो वयाच्या ४० व्या वर्षापर्यंत मिळतो, तर तीस ते पन्नास या वयोगटात दहा वर्षांसाठी. मुदत संपण्यापूर्वी वर्षभर आधीपासून नूतनीकरण करता येते. मुदत संपून वर्ष उलटल्यास मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागते. मुदतठेवीची परिपक्वता तारीख आपण जशी आवर्जून टिपून ठेवतो, तशीच परवान्याची तारीखही टिपून ठेवावी.

वाहन घेण्यासाठी कर्जाचे साहाय्य बँक अवश्य करील. ते चालविण्याची पात्रता मात्र प्रत्येकाने स्वतःच मिळवावयाची असते. तिला दुसरा जामीनदार चालत नाही.