छोटा संगणक, मोठा पडदा आणि बाळाची घरघर

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या आपल्या पट्ट्यात बालरोगतज्ज्ञाकडे येणारे आईवडील हल्ली तक्रारीबरोबर चित्रफीतही घेऊन येतात. मराठी आई ‘घरघर’ म्हणते, कानडी आई ‘उब्बस’ म्हणते. मध्यरात्री मोबाइलवर टिपलेल्या श्वासाला मात्र दुभाष्या लागत नाही. पालकांच्या संमतीने अशा चित्रफिती डॉक्टरांच्या बैठकांत चर्चेसाठी दाखविल्या जातात आणि लहान गावांत ही बैठक पुष्कळदा एखाद्या सहकाऱ्याच्या दिवाणखान्यातील होम थिएटरवरच भरते. अशा वेळी लॅपटॉप किंवा त्याहून छोटा संगणक या यंत्रणेला कसा जोडावा, हा निव्वळ हौसेचा प्रश्न राहत नाही. घरी नाटके व गाण्याच्या मैफली ऐकणाऱ्या वाचकांनाही पुढील विवेचन तितकेच उपयोगी पडावे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चित्र आणि ध्वनी हे दोन स्वतंत्र प्रवासी आहेत. ते एकाच वाटेने जातील असे गृहीत धरू नये. १९८७ साली आलेली पंधरा पिनांची व्हीजीए जोडणी केवळ चित्र वाहून नेते. ध्वनीसाठी तेथे वेगळी तार लागते : संगणकाच्या हेडफोनच्या छिद्रातून निघणारी आणि दुसऱ्या टोकाला लाल व पांढरी अशी दोन टोके असलेली. लाल उजव्या बाजूचे, पांढरे डाव्या. २००२ साली निश्चित झालेल्या एचडीएमआय पद्धतीत मात्र दोन्ही एकाच तारेतून जातात. अँप्लिफायरला एचडीएमआयची सोय असेल तर संगणकाची तार आधी अँप्लिफायरला आणि तेथून दुसरी तार टीव्हीला, हा सर्वांत सरळ मार्ग. एवढे करूनही आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर तार बदलण्याची घाई नको. संगणकाच्या ध्वनीविषयक सेटिंगमध्ये एचडीएमआय हा पर्याय निवडला की बहुधा काम होते.

२०१२ साली आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाने अनेक हौशी मंडळींना भुरळ घातली. त्याच्या २०१९ च्या चौथ्या आवृत्तीपासून एचडीएमआयचे तोंड बारीक झाले आणि २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत हेडफोनचे छिद्रच राहिले नाही. जुना अँप्लिफायर असेल तर चित्र टीव्हीला देऊन टीव्हीमधून प्रकाशतंतूच्या, म्हणजे ऑप्टिकल, तारेने ध्वनी अँप्लिफायरकडे न्यावा.

आता मुख्य मुद्दा. तारांची कटकट नको म्हणून ब्लूटूथने ध्वनी पाठविण्याकडे अनेकांचा कल असतो. गाणे ऐकायला ते ठीक आहे. पण ब्लूटूथमध्ये ध्वनी साधारणतः दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद मागे पडतो. काही संगणक चित्रही तेवढेच थांबवून हा फरक झाकतात, सगळेच नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार ध्वनी चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की माणसाला विसंगती जाणवू लागते. संवाद ऐकताना ती जाणवते, कारण ओठ आपल्याला फसवीत नाहीत. तान्ह्या बाळाची छाती पाहताना मात्र ती जाणवेलच असे नाही.

मिनिटाला ५० श्वास घेणाऱ्या सहा महिन्यांच्या बाळाचे एक श्वासचक्र १.२ सेकंदांचे असते आणि त्यात श्वास आत घेण्यास जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. त्यात २०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे आत घेण्याच्या काळाचा दोनपंचमांश भाग! उशीर याच्या दुप्पट झाला तर श्वास घेतानाचा आवाज पडद्यावर श्वास सोडताना ऐकू येईल. श्वास घेताना येणारा आवाज सामान्यतः स्वरयंत्राच्या आसपासचा अडथळा सुचवितो. श्वास सोडताना येणारा छातीतील नलिकांचा. पहिल्या प्रकारात बाळाचे स्वरयंत्र मऊ असण्याची शक्यता मोठी. वाढ चांगली असेल तर पुष्कळदा नुसते लक्ष ठेवून थांबता येते. दुसऱ्या प्रकारात, विशेषतः रांगत्या-चालत्या मुलाला खाताना अचानक ठसका लागल्याचा इतिहास असेल, तर श्वासनलिकेत शेंगदाणा अडकल्याची शंका घेऊन ब्रॉन्कोस्कोपीसाठी धावावे लागते. शेंगदाणा हा आपल्या घराघरातला नित्याचा अपराधी आहे. बैठकीत बसलेल्या तरुण डॉक्टरांनी हा भेद उलटा शिकावा, ही गोष्ट साधी नव्हे.

म्हणून बैठकीपूर्वी एक चाचणी करावी. मोबाइलवर कोणाची तरी टाळी चित्रित करून तीच यंत्रणेवर दाखवावी. तळहात मिळणे आणि आवाज एकाच क्षणी आले पाहिजेत. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेत असल्याने आवाज आधी आला, तर अँप्लिफायरमधील ‘लिप सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ने तो मागे ढकलता येतो. आवाज उशिरा येत असेल तर अँप्लिफायर काही करू शकत नाही. तेव्हा तारच हवी. व्हीएलसी या प्रणालीत ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी ध्वनी ५० मिलिसेकंदांच्या पावलांनी मागेपुढे करता येतो, तेही सोयीचे आहे.

हृदयध्वनीची गोष्ट वेगळी. तिसरा व चौथा हृदयध्वनी किंवा मायट्रल झडप अरुंद झाल्यावर येणारी खोल गडगड हे फार खालच्या पट्टीतले ध्वनी असतात. म्हणून तर आपण स्टेथोस्कोपची घंटा वापरतो. लॅपटॉपचे चिमुकले स्पीकर तेथवर पोचतच नाहीत. होम थिएटरचा सबवूफर पोचतो, पण अँप्लिफायर ‘डायरेक्ट’वर असेल तर अनेक यंत्रांत तो बंद राहतो. साधा ‘स्टिरिओ’ पर्याय निवडावा. सभागृहाचा प्रतिध्वनी निर्माण करणारे सारे प्रकार बंद ठेवावेत. बाळाचे हृदय नाट्यगृहात धडधडत नसते.

चित्राबाबत दोनच सूचना. पुष्कळ टीव्ही चित्राच्या कडा कापतात आणि क्ष-किरण चित्रावरील डावे-उजवे दर्शविणारे अक्षर नेमके कडेलाच असते. ते गेले तर उजवीकडे हृदय असलेले मूल कोणी ओळखायचे? टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा तत्सम पर्याय असतो, तो निवडावा. दुसरे, संगणक आणि टीव्ही यांच्या काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा जुळल्या नाहीत तर गडद छटा एकमेकींत बुडतात आणि फुप्फुसाभोवती साठलेल्या हवेची बारीक रेषा दिसेनाशी होते. पडद्याचा ‘व्हिविड’ हा भडक प्रकार अशा कामाला निरुपयोगी आहे.

जोडणी झाल्यावर स्पीकरमधून सतत ‘हूंऽऽ’ असा आवाज येऊ लागला तर तो बहुधा अर्थिंगच्या दोन वाटांमुळे निर्माण झालेला असतो. केबल टीव्हीची तार हे त्याचे एक नेहमीचे कारण. काही जण प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून हा आवाज घालवितात. हे कदापि करू नये, घरात लहान मुले असतील तर नाहीच नाही. सर्व उपकरणे एकाच सॉकेटपट्टीवर घ्यावीत, तेवढ्याने भागले नाही तर ध्वनी ऑप्टिकल तारेने न्यावा. तिच्यातून वीज वाहत नसल्याने गुणगुणीची वाटच बंद होते. आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की विजेच्या प्लगबरोबर केबलची तारही टीव्हीतून काढून ठेवावी. विजेचा झटका त्याही वाटेने येतो आणि एचडीएमआयची नाजूक तोंडे त्यात हकनाक बळी पडतात.