पेशींच्या घरातली आवराआवर

श्रावण लागला की सोमवार, शनिवार, संकष्टी, एकादशी आणि पुढे भाद्रपदात निर्जळी हरतालिका अशी उपवासांची रांगच लागते. त्यात अलीकडे एक नवी पुस्ती जोडलेली ऐकू येते. "उपवासानं कॅन्सर बरा होतो. जपानच्या शास्त्रज्ञाला त्यासाठीच नोबेल मिळालं!" मोबाइलवर फिरणारा हा निरोप तुम्हालाही आला असेल. मैत्रिणींनो, नोबेल मिळालं हे अगदी खरं. पण ते कशासाठी मिळालं, हे समजून घ्यायला हवं. कारण अशा निरोपाच्या भरवशावर कुणी औषधं बंद केली, तर ते महागात पडेल.

जुन्या साडीची गोधडी

आपलं शरीर असंख्य पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशी म्हणजे एक लहानसं घरच. घर म्हटलं की मोडतोड आलीच! पेशीतली प्रथिनंही झिजतात, बिघडतात. मग आपण काय करतो? जुन्या साडीची गोधडी शिवतो, उरलेल्या कपड्यांवर बोहारणीकडून भांडं घेतो. पेशीही तेच करते. मोडकं सामान दुहेरी पापुद्र्याच्या एका पिशवीत बांधलं जातं. ती पिशवी 'लायसोसोम' नावाच्या कप्प्यात रिकामी होते. तिथले पाचक रस त्याचे बारीक तुकडे करतात आणि त्या तुकड्यांतून नवं सामान तयार होतं. दिवसभराच्या चांगल्या जेवणातून साधारण ७० ग्रॅम प्रथिनं मिळतात, पण शरीर रोज २०० ग्रॅमहून जास्त नवी प्रथिनं बनवतं! वरचा माल येतो तो घरातल्याच जुन्यातून.

लायसोसोमचा शोध बेल्जियमचे ख्रिश्चन द ड्यूव यांनी १९५५च्या सुमारास लावला. १९६३ साली त्यांनीच या आवराआवरीला 'ऑटोफॅजी' हे नाव दिलं. अर्थ, स्वतःच स्वतःला खाणं. नाव जरा भीतिदायक आहे, पण काम मात्र काटकसरी गृहिणीचं!

ओसुमींची युक्ती

हे काम नेमकं चालतं कसं, हे मात्र पुढे बरीच वर्षं कळलं नव्हतं. योशिनोरी ओसुमी यांनी १९८८ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, टोकियो विद्यापीठात स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली. अभ्यासाला घेतलं काय, तर पाव फुगवायला बेकरीवाले वापरतात ते यीस्ट! अडचण अशी होती, की पिशवी आली की लगेच विरघळून जायची, दिसायचीच नाही. म्हणून त्यांनी पाचक रस नसलेलं यीस्ट घेतलं आणि ते उपाशी ठेवलं. केर नेणारी गाडी आली नाही की दारात पिशव्यांचा ढीग साचतो ना, तसंच झालं. काही तासांतच त्या कप्प्यात पिशव्याच पिशव्या दिसू लागल्या. पुढे १९९३पर्यंत त्यांनी या कामाला लागणारी पंधरा जनुकं शोधून काढली. तशाच प्रकारची जनुकं माणसातही आहेत. २०१६ साली वैद्यकाचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं, ते या कामासाठी.

२००४ साली जपानी शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पिलांवर केलेला प्रयोग तर आईच्या मनाला भिडावा असा आहे. नाळ तुटली की आईकडून येणारं पोषण थांबतं आणि दूध सुरू व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ पिलाच्या पेशी घरातलंच मोडून स्वतःला जगवतात. ज्या पिलांत ही सोय नव्हती, ती जन्मल्यावर एका दिवसातच दगावली.

मग आपल्या उपवासाचं काय?

उपासमार झाली की आवराआवर वाढते, हे खरं. पण यीस्टची उपासमार वेगळी आणि आपली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस नि राजगिऱ्याचे लाडू वेगळे! त्यात पेशी उपाशी कुठे राहते? शिवाय माणसात किती तास उपाशी राहिल्यावर ही आवराआवर किती वाढते, हे सांगणारी साधी तपासणी दवाखान्यात नाही.

कॅन्सरचं तर आणखीच गुंतागुंतीचं आहे. निरोगी पेशीत ही स्वच्छता बिघाड टाळायला मदत करते. पण एकदा गाठ वाढली, की कॅन्सरच्या पेशीही हीच युक्ती वापरून तग धरतात. म्हणून तर ही क्रिया रोखणारी औषधं देऊन पाहण्याचे प्रयोगही डॉक्टरांनी केले आहेत. मग उपवासानं कॅन्सर बरा होतो, असं कसं म्हणायचं?

श्रद्धेनं उपवास जरूर करा. मात्र एवढं सांभाळा—

• मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. हातपाय कापू लागले, दरदरून घाम आला, तर लगेच साखर खा. व्रत पुन्हा करता येईल.
• रक्तदाबाची, थायरॉइडची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका.
• दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर निर्जळी नको.
• छातीत गाठ लागली, अवेळी रक्तस्राव झाला, तर उपवास करून वाट पाहत बसू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

पेशींची आवराआवर त्या न सांगता रोज करतातच. दुखणं वेळेवर दाखवायचं काम मात्र आपलं आपल्यालाच करावं लागतं.